केथनेस काउंटी: हायलँडमध्ये असूनही सपाट का, आणि तिचा इतिहास इतका वेगळा का?

उत्तरायण (प्रश्न)

नमस्कार. स्कॉटलंडच्या जुन्या काउंट्यांचे नकाशे समोर ठेवून मी वाचन करीत आहे आणि मुख्य भूमीच्या अगदी ईशान्य टोकाला असलेल्या केथनेसपाशी माझे गणित जुळेनासे झाले आहे. प्रशासनाच्या हिशेबी हा प्रदेश हायलँडमध्ये मोडतो. हायलँड म्हटले की डोंगर, खोल दऱ्या, गेलिक भाषा, कुळाकुळांतील वैरे आणि मेंढ्यांसाठी उठवलेली गावे असे चित्र पुस्तकांतून मनात तयार होते. उंचीच्या रेषा मात्र शेजारच्या सदरलंड काउंटीची सीमा ओलांडताच विरळ होत जातात आणि काउंटीचा उत्तर व पूर्व भाग जवळजवळ मैदानासारखा दिसतो. लिब्स्टर, थर्सो, विक ही गावांची नावेही गेलिक वळणाची वाटत नाहीत.

हा प्रदेश सपाट कशामुळे झाला, त्यावर सत्ता कोणाची होती, आणि इतक्या दूरच्या किनाऱ्यावरील विक हे एके काळी युरोपातील हेरिंग मासेमारीचे सर्वांत मोठे बंदर कसे बनले, हे जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे. पर्यटनस्थळांची यादी नको. कारणे हवी आहेत.

स्तरवेध

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथील दगडात आहे, आणि माझ्या मते उरलेल्या दोन प्रश्नांचेही बरेचसे उत्तर त्याच दगडात सापडते.

मध्य डेव्होनियन काळात, म्हणजे सुमारे ३८ ते ३९ कोटी वर्षांपूर्वी, आजचे केथनेस, ऑर्कनी बेटे आणि मरे फर्थ या उपसागराच्या आसपासचा मोठा टापू एका विस्तीर्ण सरोवराने व्यापलेला होता. भूवैज्ञानिक त्याला ऑर्केडी सरोवर म्हणतात. भोवतालच्या डोंगरांतून वाहून आलेला गाळ त्याच्या तळाशी बसत गेला, पाणी कधी वाढले, कधी इतके आटले की तळाच्या चिखलाला उन्हाने भेगा गेल्या, आणि या साऱ्या चढउताराची नोंद एकावर एक रचलेल्या पातळ थरांत राहून गेली. पश्चिमेकडील हायलँडचे खडक याहून फार जुने असून प्रचंड दाबाखाली पिळवटून निघालेले आहेत. केथनेसचे थर त्या उलथापालथीनंतर साचले आणि बहुतांशी आडवे किंवा मंद उताराचे राहिले, म्हणून त्यांच्यावरची जमीनही सपाट आहे. डोंगर अजिबात नाहीत असे मात्र नाही. दक्षिणेला सदरलंडच्या सीमेजवळ ७०६ मीटर उंचीचा मॉरव्हेन आणि त्याच्या शेजारचा स्कॅराबेन उभे आहेत, आणि जमीन इतकी मोकळी आहे की उत्तर किनाऱ्यावरूनही स्वच्छ दिवशी ते ओळखू येतात.

सपाटपणा किनाऱ्याशी येताच संपतो. समुद्राने थरांतील उभ्या भेगा हेरून आत अरुंद, उभ्या भिंतींच्या खाचा कोरल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘गिओ’ म्हणतात. डंकन्सबी हेडजवळ कड्यापासून सुटलेले सुळके समुद्रात एकटे उभे आहेत, तर डनेट हेड हे ब्रिटनच्या मुख्य भूमीचे उत्तरेकडील शेवटचे टोक आहे. हा मान पुष्कळ लोक जॉन ओ’ग्रोट्सला देऊन टाकतात, तो निव्वळ पाटीवरच्या प्रसिद्धीचा परिणाम आहे.

या थरांचा दगड पहारीने उचकटला की सरळ, जाड लादीसारखा सुटून येतो. १८२०च्या दशकात कासलटाउन येथील जमीनदार जेम्स ट्रेल यांनी त्याचा व्यापार उभा केला आणि पुढे केथनेसच्या फरशीने लंडन, एडिंबरा आणि परदेशांतील शहरांचे पदपथ झाकले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस काँक्रीट स्वस्त झाले आणि हा धंदा बसला. खुद्द काउंटीत या दगडाचा सर्वांत देखणा वापर शेताच्या बांधावर दिसतो. झाडे कमी, लाकूड महाग आणि वारा सततचा. म्हणून कमरेएवढ्या उंच फरश्या एकीला एक खेटून जमिनीत उभ्या रोवतात आणि तेच कुंपण होते. त्यावर करड्या आणि पिवळ्या रंगाचे दगडफूल चढते, पण फरशी शंभर-दीडशे वर्षे जागची हलत नाही. छपरे, गोठ्यातील आडभिंती, पाण्याच्या टाक्या हे सारेही त्याच दगडाचे असे.

थोडे विषयांतर करतो. याच थरांत माशांचे उत्कृष्ट जीवाश्म सापडतात, आणि त्यांचा शोध घेणाऱ्यांत थर्सोचा रॉबर्ट डिक हा पावरोटी भाजणारा माणूस अग्रभागी होता. भट्टीचे काम उरकले की तो मैलोन्‌मैल पायी हिंडून जीवाश्म आणि वनस्पती गोळा करी, आणि त्याने पाठवलेले नमुने ह्यू मिलरसारख्या नामवंत भूवैज्ञानिकाच्या उपयोगी पडले. समुद्रात बुडालेल्या पिठाच्या मालामुळे तो कर्जात सापडला, तेव्हा त्याला आपला जीवाश्मांचा संग्रह विकावा लागला. १८६६ मध्ये तो वारला.

बखरनवीस

स्तरवेध यांनी पाया घातलाच आहे, त्यावर सत्तेचा इतिहास मांडतो.

केथनेसमध्ये माणसाची वस्ती फार जुनी आहे. कॅमस्टर येथील नवाश्मयुगीन दगडी थडगी पाच हजार वर्षांहून जुनी आहेत, आणि लोहयुगातील ‘ब्रॉक’ नावाचे, चुन्याशिवाय रचलेले गोल दगडी बुरूज स्कॉटलंडच्या इतर कोणत्याही भागापेक्षा या काउंटीत अधिक संख्येने आहेत. सपाट सुटणारा दगड हाताशी असल्यावर अशी रचना सोपी जाते, हे उघड आहे.

नंतर नवव्या शतकापासून नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील व्हायकिंग, लोक आले. त्यांना लागणारी धान्याची जमीन येथे होती, आणि पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी ओलांडली की समोर ऑर्कनी हे त्यांच्या सत्तेचे केंद्र होते. आपण ज्या नावांचा उल्लेख केला ती याच वसाहतीची खूण आहे. नकाशावर पूर्वेकडील व उत्तरेकडील शेतजमिनीत नॉर्स नावे दाटीने आढळतात आणि नैऋत्येकडील डोंगराकडे सरकू लागले की गेलिक नावे सुरू होतात.

यातून एक चमत्कारिक राज्यव्यवस्था निर्माण झाली. एकच अर्ल, म्हणजे प्रदेशाचा सरंजामी अधिपती, ऑर्कनीसाठी नॉर्वेच्या राजाचा आणि केथनेससाठी स्कॉटलंडच्या राजाचा मांडलिक असे. दोन धन्यांची ही चाकरी हुशार अर्लांना सोयीची होती, कारण एकाचा दबाव वाढला की दुसऱ्याचा आडोसा घेता येई. स्कॉटलंडच्या राजांनी येथे आपला हात बळकट करण्यासाठी चर्चचा उपयोग केला, आणि त्याची किंमत बिशपांनी मोजली. १२०१ मध्ये अर्ल हाराल्ड मॅडडसन याच्या माणसांनी बिशप जॉन यांना पकडून त्यांची जीभ व डोळे यांना इजा केली. १२२२ मध्ये त्याहून भयंकर प्रसंग घडला. बिशप ॲडम यांनी गायींच्या संख्येवर आकारला जाणारा लोण्याचा धर्मकर वाढवत नेला होता. अखेर संतापलेल्या शेतकऱ्यांनी हालकर्क येथे त्यांचे घर गाठले आणि त्यांना जाळून मारले. राजा दुसरा अलेक्झांडर याने स्वतः उत्तरेकडे येऊन कठोर शिक्षा केल्या. पुढील बिशप गिल्बर्ट यांनी आपले मुख्य चर्च दक्षिणेला, सदरलंडमधील डॉर्नोख येथे बांधले, यात मला तरी शहाणपणच दिसते.

१४५५ मध्ये अर्लपद सिंक्लेअर घराण्याकडे आले. विकच्या उत्तरेला कड्याच्या एका अरुंद जिभेवर त्यांचा गर्निगो हा किल्ला होता. त्याचे अवशेष आजही पाहायला मिळतात. सहावा अर्ल कर्जात बुडाला आणि त्याने जमिनीचे व पदाचे हक्क ग्लेनऑर्कीच्या जॉन कॅम्पबेल यांना लिहून दिले. घराण्यातील वारस जॉर्ज सिंक्लेअर यांना हे मान्य नव्हते, म्हणून कॅम्पबेल १६८० मध्ये फौज घेऊन उत्तरेला आले आणि विकजवळ आल्टिमारलाख येथे सिंक्लेअरांचा मोठा पराभव झाला. स्कॉटलंडमधील कुळांची ही शेवटची मोठी लढाई मानली जाते. गंमत अशी, की रणांगण जिंकूनही कॅम्पबेलांच्या हाती अर्लपद टिकले नाही. वर्षभरातच ते सिंक्लेअरांकडे परतले.

उत्तरायण

दोघांचेही आभार. एक शंका मनात राहते. किनारा जर असा उभ्या कड्यांचा आहे, तर हजारो नौकांची मासेमारी तेथे चालली कशी? नैसर्गिक बंदर तर नकाशावर कोठेच दिसत नाही.

दर्यावर्दी

आपली शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. विकचा सारा इतिहास म्हणजे चांगले बंदर नसलेल्या जागी बंदर उभे करण्याचा खटाटोप आहे.

बंदराशिवाय मासेमारी कशी होई, ते पाहायचे असेल तर विकच्या दक्षिणेला व्हॅलिगो येथे जावे. तिन्ही बाजूंनी सुमारे अडीचशे फूट उंच कडे, तळाशी चिंचोळी खाडी, आणि कड्यात नागमोडी बसवलेल्या तीनशेहून अधिक फरशीच्या पायऱ्या. खाली नौका लागत, आणि मासळीने भरलेल्या टोपल्या पाठीवर घेऊन बायका या पायऱ्या चढत. मधल्या वळणांवर टोपली टेकवून दम खाण्यापुरती जागा असे. वर आल्यावर काम संपले असे नव्हे. तेथून विकचा बाजार सात मैलांवर होता आणि तेही अंतर पायीच तोडावे लागे. बंदरांसाठी पाहणी करीत फिरणाऱ्या थॉमस टेलफर्ड यांनी या जागेला भयंकर ठरवले होते, तरीही तेथून मासेमारी होत राहिली.

हेरिंग हा थव्याने फिरणारा मासा उन्हाळ्यात या किनाऱ्याजवळ येत असे. त्याचा फायदा घेण्यासाठी ब्रिटिश फिशरीज सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विक नदीच्या दक्षिण तीरावर नवे बंदर आणि नवी वसाहत उभारली. आराखडा टेलफर्ड यांचाच होता, आणि सोसायटीचे प्रमुख सर विल्यम पल्टनी यांच्या नावावरून तिला पल्टनीटाउन असे नाव मिळाले. खाली धक्क्यालगत मासे खारवण्याची आवारे, वखारी आणि पिंपे बनवणाऱ्यांची दुकाने. वर उंचवट्यावर सरळ रस्त्यांची घरे, अशी ती आखीव रचना आजही ओळखता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भर हंगामात येथे हजाराहून अधिक नौका जमत. १८६२ साली हा आकडा १,१२२ नोंदवला गेला.

नौकेइतकेच महत्त्व किनाऱ्यावरील कामाला होते, कारण हेरिंग तेलकट असल्याने पकडल्यापासून एका दिवसाच्या आत खारवला नाही तर तो वाया जातो. हे काम बायकांच्या तुकड्या करीत. एका तुकडीत तिघी; दोघी मासे चिरून आतडी काढीत आणि तिसरी पिंपात मासे व मीठ यांचे थर रचत जाई. सुरी बोटाला लागू नये आणि लागलेल्या जखमेत मीठ झोंबू नये म्हणून त्या प्रत्येक बोटाला चिंध्या गुंडाळून दोऱ्याने बांधीत. ही पिंपे बाल्टिक समुद्रावरील बंदरांत जात आणि तेथून जर्मनी व रशियात.

हंगामी मजूर मोठ्या संख्येने पश्चिम किनाऱ्यावरून आणि हेब्रिडीझ बेटांवरून येत. ते गेलिक बोलणारे, विकचे लोक इंग्रजीच्या जवळची स्कॉट्स भाषा बोलणारे. १८५९ मध्ये दोन मुलांच्या फळावरून झालेल्या भांडणातून या दोन गटांत अशी दंगल पेटली की शांतता राखण्यासाठी लष्कर आणावे लागले.

आता बंदराकडे वळतो. १९ ऑगस्ट १८४८ रोजी पहाटे आग्नेयेकडून वादळ आले. खोल समुद्रात गेलेल्या उघड्या, डेक नसलेल्या नौका परत फिरल्या, पण ओहोटीमुळे विकच्या बंदरात पुरेसे पाणी नव्हते. ज्यांनी तरीही आत शिरण्याचा प्रयत्न केला त्यांतील काही नौका बंदराच्या तोंडाशीच, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. एकट्या विकमधून गेलेले ३७ जण बुडाले आणि पूर्व किनाऱ्यावर सर्व मिळून सुमारे शंभर कोळी दगावले. कॅप्टन जॉन वॉशिंग्टन यांनी केलेल्या चौकशीच्या अहवालात डेक असलेल्या नौका आणि कोणत्याही भरतीओहोटीला आत येता येईल अशी बंदरे यांचा आग्रह धरण्यात आला. केथनेसच्या कोळ्यांना हे आधीही ठाऊक होते. पैसा मिळायला माणसे मरावी लागली.

त्यानंतर दीपगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टीव्हन्सन घराण्यातील थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६३ पासून विकच्या उपसागरात मोठा लाटारोधक बांध बांधायला घेतला. डिसेंबर १८७२ च्या वादळात लाटांनी त्याच्या टोकाचा सुमारे १,३५० टनांचा, लोखंडी दांड्यांनी जखडलेला अखंड तुकडा जागचा उचलून आत फेकला. त्या जागी त्याहून जड, २,६०० टनांचा तुकडा घातला. तोही १८७७ मध्ये गेला आणि काम सोडून देण्यात आले. समुद्राच्या लाटांची ताकद मोजण्याची साधने स्वतः तयार करणाऱ्या घराण्याचा हा पराभव होता, म्हणून स्थापत्यशास्त्रात तो आजही अभ्यासला जातो. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या नौका आल्यावर हे उथळ बंदर मागे पडले, आणि पहिल्या महायुद्धाने जर्मनी व रशियाची गिऱ्हाइकी तोडल्यावर हेरिंगचा व्यापार पुन्हा पूर्वीच्या जोमाने उभा राहिला नाही.

ओसाडगाव

वरील चर्चा उत्तम आहे, परंतु दगडाने सर्व काही ठरवले हा स्तरवेध यांचा सूर मला पूर्ण पटत नाही. त्या मांडणीत जमीनदार दिसेनासे होतात. केथनेसमध्ये विस्थापन झालेच नाही असा समज त्यातून होऊ शकेल, आणि तो चुकीचा ठरेल.

काउंटीच्या दक्षिणेकडील लँगवेल व बेरीडेल या दऱ्यांतील कुटुंबांना अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठवण्यात आले. त्यांतील काहींनी समुद्राच्या कड्यावर, बॅडबे नावाच्या उताराच्या पट्टीत झोपड्या बांधल्या. तेथे वारा इतका की गुरे, कोंबड्या आणि लहान मुलेसुद्धा कड्यावरून जाऊ नयेत म्हणून दोरीने बांधून ठेवत, असे सांगितले जाते. जमीन नांगरता येण्याजोगी नव्हती, त्यामुळे पुरुषांना हेरिंगच्या नौकांवर जाण्यावाचून पर्याय नव्हता. म्हणजे दर्यावर्दी यांनी वर्णन केलेल्या भरभराटीला लागणारे हात या विस्थापनानेही पुरवले. बॅडबेतून न्यूझीलंडला गेलेल्या एका कुटुंबाच्या वंशजाने १९११ मध्ये बॅडबेतच स्मारक उभारले; त्याच सुमारास वस्ती पूर्ण रिकामी झाली.

आणि लँगवेलमध्ये मेंढ्या आणणारे जमीनदार कोण होते? सर जॉन सिंक्लेअर. थर्सोचा नवा भाग आखणारे, शेतीसुधारणेचे पुरस्कर्ते आणि १७९०च्या दशकात प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, धर्मगुरूंना प्रश्नावल्या पाठवून संपूर्ण स्कॉटलंडची पाहणी २१ खंडांत प्रसिद्ध करणारे विद्वान गृहस्थ. त्या काळच्या ‘सुधारणा’ या कल्पनेत गावांची मोजदाद आणि गावे उठवणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वहीत शेजारीशेजारी बसू शकत होत्या. सदरलंडइतक्या प्रमाणावर केथनेस रिकामे झाले नाही, याचे श्रेय सपाट जमिनीला जरूर द्यावे. तेथे धान्याची शेती मेंढ्यांपेक्षा फायद्याची होती. पण डोंगर लागताच येथील मालकही तसेच वागले.

टिपणवही

विसाव्या शतकाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो.

रेल्वे १८७४ मध्ये विक आणि थर्सोला पोहोचली, तीही किनाऱ्याने नव्हे. ऑर्ड येथील कडे टाळण्यासाठी ती हेल्म्सडेलपासून आत वळून निर्मनुष्य दलदलीतून मोठा वळसा घेते. पहिल्या महायुद्धात ऑर्कनीतील स्कापा फ्लो येथे तैनात आरमाराचे खलाशी याच मार्गाने लंडनहून थेट थर्सोला येत. दुसऱ्या महायुद्धात, १ जुलै १९४० रोजी, विकच्या बंदराजवळील बँक रो या रस्त्यावर दिवसाढवळ्या बाँब पडले आणि १५ जण ठार झाले. त्यांत आठ मुले होती.

काउंटीची लोकसंख्या १८६१ च्या सुमारास ४१ हजारांवर पोहोचली होती आणि नंतर घटत गेली. ही घसरण डूनरे येथील अणुकेंद्राने काही काळ उलटवली. १९५० च्या दशकात जलद प्रजनक अणुभट्टीसाठी, म्हणजे चालताना नवे अणुइंधनही तयार करणाऱ्या भट्टीसाठी, लोकवस्तीपासून दूरची जागा हवी होती, आणि थर्सोच्या पश्चिमेचा जुना विमानतळ सरकारला सोयीचा वाटला. थर्सोची वस्ती सुमारे तीन हजारांवरून नऊ हजारांच्या आसपास गेली. १९६२ मध्ये तेथील पोलादी गोलातील अणुभट्टीने राष्ट्रीय जाळ्याला वीज पुरवली, आणि असे करणारी ती जगातील पहिली जलद अणुभट्टी ठरली. शेवटची भट्टी १९९४ मध्ये बंद झाली. आता तेथील बहुतेक नोकऱ्या केंद्र मोडून स्वच्छ करण्याच्या आहेत, आणि तेच काम कित्येक दशके चालणार आहे.

ज्या दलदलीतून रेल्वे जाते ती म्हणजे फ्लो कंट्री, केथनेस व सदरलंडमध्ये पसरलेला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींच्या थरांचा, अफाट प्रदेश. सपाट, पाणी न झिरपणारी जमीन आणि बाराही महिन्यांचा गारवा यांमुळे येथे शेवाळ कुजत नाही, साठत जाते. काही ठिकाणी हा थर कित्येक मीटर जाड आहे. १९८० च्या दशकात करसवलतीच्या लोभाने श्रीमंत गुंतवणूकदारांनी येथे चर खणून सूचिपर्णी झाडे लावली. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत रद्द झाली, तेव्हा लागवड थांबली, आणि आता तीच झाडे तोडून चर बुजवले जात आहेत. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

नकाशाच्या दृष्टीने एक खुलासा. केथनेसची स्वतंत्र काउंटी कौन्सिल १९७५ मध्ये संपली आणि तिचा कारभार आज इन्व्हरनेस येथून हायलँड कौन्सिल पाहते. आपल्याला केथनेस ‘हायलँडमध्ये’ दिसते ते या कारणाने. राजाचा प्रतिनिधी असलेला लॉर्ड लेफ्टनंट मात्र केथनेससाठी अजूनही वेगळा नेमला जातो, त्यामुळे जुन्या सीमा पूर्णपणे पुसल्या गेलेल्या नाहीत.